सव्विसावा मेल

रजेचे अर्ज पाठवणारं ॲप तयार होतं, फक्त त्यातून एकही मेल जात नव्हता. ऑफिसचा सर्व्हर 'पाठवणाऱ्याचा पत्ता नामंजूर' असा शेरा मारून प्रत्येक मेल परत तोंडावर फेकत होता. ॲप लिहिणाऱ्या बिचाऱ्याने पासवर्डपासून सेटिंगपर्यंत सगळं उलटंपालटं करून पाहिलं, पण सर्व्हर ढिम्म हलेना.

टेस्टचे मेल ज्याला जायचे, तो पत्ता त्याने घातला होता सर्व्हर सांभाळणारीचा. सगळे तिला 'सर्व्हरबाई' म्हणत. पहिल्या दहा मेलमध्ये त्याने इमानेइतबारे 'टेस्ट' एवढंच लिहिलं. पुढे, नाहीतरी पोचतंय कुठे, म्हणत त्याची भीड चेपली. अकराव्यात 'तुम्ही हसलात की मला काम सुचत नाही' आलं, आणि सव्विसाव्यात तर थेट 'संध्याकाळी चहाला याल का?'

तोही परत आला. शेवटी हात टेकून तो तिच्या टेबलापाशी गेला.

"जरा बघता का? माझा एकही मेल तुमच्यापर्यंत पोचत नाहीये."

"पोचतात की," ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "सर्व्हरने अडवलेला प्रत्येक मेल मलाच तपासावा लागतो. सव्वीसच्या सव्वीस वाचलेत."

त्याने घाईघाईने मूळ विषय गाठला. "मग... अडतंय कुठे?"

"पाठवणाऱ्याच्या जागी तुम्ही 'नो-रिप्लाय' घातलंय. असा पत्ताच आपल्याकडे नाही." तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"आणि 'उत्तर देऊ नका' असं बजावून चहाचं विचारलंत, तर माणसानं 'हो' कळवायचं तरी कुठे?"