रोजचं एक साल

“आज दोन हजार सहा,” हाशम सौदीतून फोनवर म्हणाला. “लिही. त्या साली इथला शेअर बाजार नुसता उधळला होता. टॅक्सीवालेसुद्धा शेअर घेत सुटले होते.” मग त्याने वर्षभराच्या उलाढालीचा आकडा सावकाश सांगितला.

तिकडे रत्नागिरीत लाइबाने तो पुन्हा म्हणून दाखवला. “म्हणजे तेव्हा तुमचा बाजार आमच्या पुढे होता, अब्बा!”

लाइबा बारावीला होती. कॉलेजने प्रोजेक्ट दिलं होतं. सौदी आणि भारत, दोन्हीकडच्या शेअर बाजारांत वीस वर्षांत किती उलाढाल झाली, त्याची तुलना करायची होती. भारताचे आकडे तिच्याकडे होते. सौदीचे तिने बापाकडे मागितले.

हाशमला शेअरमधलं काही कळत नव्हतं. बुरैद्याच्या खजूर बाजारात तो माल निवडायचं काम करी. पण मुलीने कधी नव्हे ते काहीतरी मागितलं होतं. त्याने मालकाच्या मुलाला, हम्मादला गळ घातली. हम्माद बँकेत होता. त्याने सगळ्या वर्षांचे आकडे डॉलरमध्ये करून एका झटक्यात हाशमच्या मोबाइलवर पाठवले.

हाशमने ते पुढे धाडले नाहीत. एरवी बापलेकीचं बोलणं चार वाक्यांत संपायचं. त्याने ठरवलं, रोज एकच साल सांगायचं.

“हळूहळू मिळतायत गो,” त्याने थाप मारली.

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली की तो रिकाम्या पेटीवर बसून फोन लावी. नुसता आकडा सांगून फोन ठेवणं जिवावर येई. म्हणून मग त्या सालातलं आपलंही काहीबाही सांगे. दोन हजार आठला दोन्हीकडचे बाजार कोसळले. त्याच साली लाइबा झाल्याची खबर आली आणि त्याने ओळखीच्या सगळ्यांना खजूर वाटले.

“खजूर बाजारात खजूर कोण वाटतं, अब्बा?” लाइबा पोट धरून हसली.

“जवळ दुसरं काय होतं?”

पुढे लाइबाच्या आलेखात सौदीची रेघ खाली आली, भारताची वर चढत गेली. लाइबा त्याला चिडवायची. “चढू दे गो तुझी,” तो म्हणायचा.

दोन हजार वीसला तो अडखळला. लोक घरात कोंडलेले होते आणि उलाढाल मात्र दोन्हीकडे वाढली होती. विमानं बंद होती. आपल्या बापाचा जनाजा त्याने मोबाइलवर पाहिला होता. “तू रडत होतीस,” तो म्हणाला, “आणि मला काय बोलावं सुचेना.”

शेवटी मोबाइलमधले आकडे संपले. सांगायला एकही साल उरलं नाही.

“खलास, बेटा,” हाशम म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “सगळी सालं झाली. आता देऊन टाक प्रोजेक्ट.”



“प्रोजेक्ट मी कधीच दिलं, अब्बा. सौदीचे आकडे नेटवर होते. तुम्ही दुसरं साल सांगायच्या आधीच मिळाले.”

हाशम पेटीवरून उठून उभा राहिला. “मग रोज मला कशाला विचारत होतीस?”

“एरवी तुम्ही ‘बरी आहेस ना’ म्हणता,” लाइबा म्हणाली, “आणि लगेच म्हणता, अम्मीला फोन दे.”