जन्माचं झाड

“बाबा, मी कितवीत आहे?”

त्यांना सांगता येणार नाही, विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. शुयुन वर्षभर गावी आजीजवळ राही आणि सुट्टीपुरती शहरात येई, जिथे आईबाबा कारखान्यात कामाला होते. आता चिनी नव्या वर्षासाठी तिघं गाडीने गावी निघाली होती.

“सातवीत!” बाबा ऐटीत म्हणाले.

“अहो, काहीतरीच! आठवीत आहे ती,” आईने त्यांना कोपर मारलं.

शुयुन नववीत होती. तिने रागाने खिडकीला नाक लावलं. बाहेर भाताची धसकटं, धुक्यात बुडालेली तळी, सगळं कसं मरगळलेलं.

गाव जवळ आलं तसे बाबा ताडकन उठले. “ए पोरी, ते बघ तुझं कापराचं झाड! तू जन्मलीस त्याच दिवशी लावलंय, तुझ्या लग्नात द्यायच्या लाकडी पेट्यांसाठी. पंधरा वर्षं अन् दोन महिने झाले त्याला. गेल्या हिवाळ्यापेक्षा चांगलं हातभर वाढलंय!”

झाड मागे पडलं. शुयुन खिडकीपासून वळली.


“आई, बाबा, माझं ठरलंय. सुट्टी संपली की मी तुमच्याबरोबर शहरात येणार. गावी तुमच्यावाचून वाढायला ते झाड आहे ना!”