गिरवायची वही

कारखान्यातले कागद वर्तमानपत्राला देऊन लेक परागंदा झाली आणि तिसऱ्या दिवशी पोलीस आईच्या दारात आले. साहेबांनी म्हातारीचा फोन उलटापालटा केला. "मावशी, लेकीचे मेसेज दिवसभरात आपोआप पुसले जातात. ॲपवालेसुद्धा हात वर करतात. काय लिहायची?" म्हातारी गोंधळली. उतारवयात अक्षरं शिकलेली ती लेकीचा प्रत्येक मेसेज वहीत उतरवून गिरवायची. लेक लपली होती तिथला पत्ता तर चारदा. वही साहेबांच्या कोपराखालीच होती. "मालकाची माणसं तिच्या मागावर आहेत. आम्हीच वाचवू." वाचवतील की मालकाच्याच हवाली करतील? तिला काही उमजेना. जबाबाचा कागद ठेवायला साहेबांनी वही सरकवली. "ही तुमची? लिहायला येतं?" हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती वर्षभर आसुसली होती. "शेजारच्या पोरीची. मी कसली लिहितेय, अंगठेबहाद्दर बाई!" म्हणत तिने अंगठा उमटवला.