उभं कोण राहणार?

“वजन किती?” दुकानदाराने विचारलं.

“दीडशे किलो तरी होतील. वेल यंदा मोकाट सुटलाय,” छोट्या म्हणाला.

“द्राक्षांचं नाही हो. यंत्रावर उभं राहणाऱ्याचं.”

छोट्या एक्कावन्न वर्षांचा होता, विमा कंपनीत खोटे दावे पकडायचं काम करत होता आणि त्याला छोट्या म्हणणारा माणूस जगात आता एकच उरला होता. तो माणूस, म्हणजे त्याचे बाबा, पलीकडे एका लाकडी यंत्राचं मळसूत्र नखाने खरवडून बघत होते. बाबांनी अडतीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. दुकानात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी तीन वस्तूंना नावं ठेवली होती, म्हणजे तब्येत ठणठणीत होती.

घरी वाइन करायचं जुनं यंत्र बाबांनीच जोडलेलं. तीन पाय, लाकडी पट्ट्यांचं पिंप आणि वरून खाली उतरणारं मळसूत्र. ते मळसूत्र गेल्या हंगामात झिजून गेलं. पिंपात ठेचलेली द्राक्षं भरायची, आडवा दांडा धरून गोल फिरायचं, की खालून रस. अडचण एवढीच, की दांड्याबरोबर अख्खं यंत्रही फिरायला लागायचं. म्हणून एकाने दांडा ओढायचा आणि दुसऱ्याने यंत्राच्या पायावर चढून उभं राहायचं. आधी बाबा ओढायचे आणि छोट्या उभा राहायचा. मग छोट्या ओढायला लागला आणि बाबा उभे राहायला लागले. इतक्या शांततेत सत्तांतर फार थोड्या घरांत होतं. रस काढायच्या त्या एका दिवशी बाबा वरून हुकूम सोडत. “सावकाश! कुणी मागे लागलंय का तुझ्या? आता थांब. रस उतरू दे.” वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांना कुणी काही विचारत नसे.

दुकानदाराने दोन यंत्रं पुढे सरकवली. एक जुन्यासारखंच, लाकडी. “याच्यावर सत्तर किलोच्या वरचा माणूस लागतो. नाहीतर त्याच्यासकट फिरतं.” दुसरं पोलादी. दांडा नुसता पुढे-मागे हलवायचा, आणि पाय चार बोल्टनी जमिनीत आवळून टाकायचे. “याला दुसरा माणूसच लागत नाही.”

“लाकडी घे,” बाबा म्हणाले. “लोखंडाची चव उतरते.”

“नाही उतरत काका. गंज न धरणारं आहे.”

“मग आवाज करत असेल.”

“बाबा, सत्तर किलो म्हणतायत ते,” छोट्या म्हणाला. गेल्या हंगामात यंत्र बाबांना घेऊन पाव फेरी फिरलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं.

“मग? आहे की मी.” आणि कुणी न सांगता बाबा कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर चढले. काटा सत्तरच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

डॉक्टरांच्या कागदावर गेल्याच महिन्यात चौसष्ट लिहिलं होतं. छोट्याची वीस वर्षांची नोकरी जागी झाली.

“बाबा, खिसे दाखवा.”

“का? चोरी केलीय मी?”

“दाखवा तर.”

मग गल्ल्याशेजारी एकेक पुरावा मांडला गेला. दोन मोठे पान्हे. दांडा नसलेला हातोडा. लोखंडी बिजागऱ्या. नटांची एक पुरचुंडी, दोऱ्याने नीट बांधलेली. दुकानदार पोट धरून हसला. “काका, ऐरण घरी विसरलात वाटतं!” छोट्याही हसला. प्रकरण सुटलं, की तो नेहमीच हसत असे. बाबाही हसले. सगळ्यांच्या नंतर, पण हसले.

“बोल्टवालं द्या,” छोट्या म्हणाला. “बाबा, या वयात कशाला तुम्हाला ताप? आता तुम्ही मस्त आराम करायचा.”

हे तो अगदी मनापासून म्हणाला. पुढे त्याला सलत राहिलं, ते हेच.

बाबांनी सामान परत खिशात भरलं. पुरचुंडीची गाठ सुटली होती, ती पुन्हा बांधली. घरी येईपर्यंत ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

रस काढायच्या दिवशी नव्या यंत्राने जराही कुरकुर केली नाही. दिवसभराचं काम दोन तासांत उरकायला आलं. तळघरात छोट्या एकटाच दांडा हलवत होता. सावकाश म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तो आणखीच भरभर हलवत होता. बायको रिकाम्या बाटल्या घेऊन खाली आली.

“बाबांना नाही बोलावलंत?”

“आराम करतायत ना.”

“आराम? सकाळी सहापासून बूट घालून बसलेत ते.”

छोट्याचा हात दांड्यावरच थांबला. पिंपातून रस टपटपत राहिला. मग तो जिन्याच्या तोंडाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतः एक खोटा दावा दाखल केला.

“बाबा! यंत्र सरकतंय हो जरा! उभं राहायला येता का?”

बाबा लगेच आले. लगेच म्हणजे, त्यांच्या गुडघ्यांनी परवानगी दिली तितक्या लगेच. कठडा धरून एकेक पायरी. खाली आल्यावर त्यांनी यंत्राच्या पायावर बूट ठेवला आणि थोडा भार दिला. मग वाकून एक नट दोन बोटांत धरून पाहिला. दुसरा पाहिला. चारही पाहिले.

छोट्या दांडा धरून उभा होता. त्याने दांडा हलवला नाही.

“मला बोलवायचंच होतं छोट्या,” बाबा पाय खाली घेत म्हणाले, “तर बोल्ट तरी जरा ढिले ठेवायचेस.”