संकटाचं दार

“कंडक्टर भाऊ, गाडी थांबव बरं,” मागच्या बाकावरून तानाबाई ओरडली.

पुसदचा बाजार करून यवतमाळकडे निघालेली एसटी खचाखच भरली होती. बाकांमधल्या वाटेत मिरच्यांची पोती, टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्यातूनच कशीबशी उभी राहिलेली माणसं. कंडक्टर विठ्ठलरावांनी पुढूनच मान उंच केली.

“आता थेट आर्णी, माय. मधात थांबा नाही.”

खरं तर तानाबाईला काहीच नको होतं. ती चांगली पाय पसरून बसली होती. पण शेजारी बसंती होती, नव्यानं लग्न झालेली तांड्यातली पोर, घुंगट ओढून खिडकीशी अंग चोरून बसलेली. मागच्या थांब्यावर पुरुष उतरले, चहा प्यायले, भिंतीआड जाऊन आले. बाया जागच्या जागी बसून राहिल्या. त्यांना कुठली आली भिंत? तेव्हापासून बसंती पायावर पाय दाबत होती. आता तिनं तानाबाईचं मनगट धरलं ते सोडेना. पौषातले गार दिवस, तरी तिचा तळहात घामानं ओला झाला होता. दोन बाकं पुढे तिचा सासरा धरमसिंग बसला होता. त्याच्यासमोर सुनेचा आवाज निघायचा नाही, अशी रीत. आणि भरल्या गाडीत ही गोष्ट सांगायची तरी कशी? न सांगावी, तर इथंच बाकावर फजिती. मग मरेपर्यंत तांड्यात त्याच नावानं ओळखलं जायचं. तानाबाईनं चार लेकी सासरी धाडल्या होत्या. तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

“आर्णीपावतर निभत नाही, भाऊ. हे बाजूचं दार उघडून दे, मी उतरतो.”

गर्दीतून वाट काढत विठ्ठलराव मागे आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं त्यांनी बोट फिरवून मोठ्यानं वाचलं, “संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.”

“मंग?”

“मंग काय? आग लागली, गाडी उलटली, पुरात फसली, याले संकट म्हणतेत. बाकी साऱ्या अडचणी. अडचणीसाठी गाडी थांबवत राह्यलो त यवतमाळ पुढच्या बाजाराले येईन.”

गाडी हसली. बसंतीची नखं तानाबाईच्या मनगटात रुतली.

“आग लागली त माणूस बोंबलते, भाऊ. दहा जण धावतेत,” तानाबाई म्हणाली. “जिथं तोंडच उघडता येत नाही, ते संकट.”

“तुमचं त चांगलं उघडून राह्यलं.”

पुन्हा हशा. मग तानाबाईनं साठ वर्षांची लाज एका दमात गुंडाळून ठेवली.

“मले बाहेर जा लागते. बुढी बाई आहो. आता इथंच होईन, अन् मंग तू पुसजो.”

विठ्ठलराव कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली.

“अन् मले धड दिसत नाही,” तानाबाई आता धरमसिंगच्या पाठीकडे पाहून म्हणाली. “तुमची सून घडीभर हात धराले देता काय, भाऊ?”

धरमसिंगनं मागे वळून पाहिलं नाही. “घेऊन जा, याडी,” तो खिडकीकडे तोंड करून, तांड्याच्या बोलीत तिला आई म्हणत, बोलला. “सांभाळून जा.”

दार कुठलं उघडतं? रंगावर रंग चढून ते चिकटून बसलं होतं. विठ्ठलरावांनी दोन लाथा घातल्या तेव्हा उघडलं. म्हातारीला धरून नेणारी पोर आधी उडी मारून उतरली आणि घागरा सावरत समोरच्या तुरीत दिसेनाशी झाली. धड न दिसणारी तानाबाई मागून बांधावरचे दगड नीट चुकवत, एकटीच गेली.

“बुढी पडन एखांद्या वेळी,” म्हणत पुढच्या बाकावरची एक बाई उठली. “मी पाहून येतो.”

“थांब वं, मीबी येतो.”

तिच्यामागे एक मास्तरीणबाई उठल्या, त्यांनी कारणबिरण सांगितलंच नाही. मग पोतं ओलांडत एक, लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर देऊन एक. विठ्ठलराव दार धरून उभे होते. चौदा बाया उतरल्या. गाडीतली एकूण एक बाई उतरली होती.

पुरुषांना कोणी काही सांगितलं नाही. सगळ्यांनी माना दुसऱ्या बाजूला वळवल्या आणि ते तिकडच्या उजाड माळाकडे मोठ्या आवडीनं पाहत बसले.

तुरीतून आधी बोलण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. बाया परतल्या त्या मोठ्यानं गप्पा करतच. पुसद सोडल्यापासून तानाबाईशिवाय या गाडीत एक बाई धड बोलली नव्हती, हे विठ्ठलरावांच्या तेव्हा ध्यानात आलं. बसंतीनं ओंजळभर हिरव्या शेंगा तोडून आणल्या होत्या. त्या तिनं तानाबाईच्या ओटीत टाकल्या, आणि घुंगटाआडून इतका लांब श्वास सोडला की तानाबाईलाही हलकं वाटलं.

यवतमाळला गाडी वीस मिनिटं उशिरा लागली. डेपोच्या साहेबांनी कारण विचारलं.

“इंजिन तापलं होतं,” विठ्ठलराव म्हणाले. ड्रायव्हरनं मान हलवली.

पुढच्या बाजाराला त्याच तुरीच्या वावरापाशी इंजिन पुन्हा तापलं.