निळा पेला

आतून तळाला लावलेला मुळीचा लेप पुरता वाळला, तेव्हा अकुआने निळा पेला तबकात उपडा ठेवला. शेजारी श्नॅप्स दारूची सीलबंद बाटली ठेवली आणि हात पुन्हा पुन्हा धुतले. आजीने दाखवलेली ती विषारी मुळी आजवर तिने फक्त उंदरांसाठी उगाळली होती.

अंगणात सगळं गाव सुतकाच्या लाल-काळ्या वस्त्रांत बसलं होतं. तिचा नवरा गेल्याचा आज चाळिसावा दिवस होता. निळा पेला त्याचाच. आता त्यातून पिण्याचा मान वारसाचा, आणि आम्हा अशांटी लोकांत वारस म्हणजे बहिणीचा मुलगा. बायकोने मळ्यात हाडांची काडं केली तरी ती परकीच.

भाचाही साधासुधा नव्हता. क्वादवो आम्पोन्सा, देशाचा जमीनमंत्री! मामाने याच मळ्यातल्या कोकोवर त्याला लंडनला धाडून वकील केलं होतं. पहिल्याच खटल्यात त्याने एका बाईला तिचं घर मिळवून दिलं, तेही कागदाचा कपटा नसताना. लोक त्याला 'बाटलीवाला वकील' म्हणायला लागले. अकुआ तेव्हा त्याच्यासाठी फुफूचा डबा घेऊन कुमासीच्या कोर्टात जायची. तिथलं इंग्रजी तिच्या डोक्यावरून जाई, पण भाच्याचा तो पांढरा केसांचा टोप ती डोळे भरून पाहायची.

आता तोच भाचा मळा सोन्याच्या खाणवाल्यांच्या घशात घालायला निघाला होता. त्यांची माणसं येऊन कोकोच्या झाडांमधून लाल खुंट्या ठोकून गेली होती. क्वादवो नसला तर मळा त्याच्या धाकट्या भावाकडे जाणार. तो शाळामास्तर, देवभोळा. मामीला हाकलणार नाही. अकुआने सगळा विचार करून ठेवला होता.

गाडी आली. क्वादवोबरोबर खाणीचा साहेबही उतरला आणि मांडीवर कागदांची बॅग घेऊन त्याला चिकटूनच बसला.

"मामी, किती वाळलीस! जेवतेस की नाही?"

"खुंट्या बघूनच पोट भरतं, बाबा."

कोणीतरी फिसकन हसलं. क्वादवो हसला नाही. तो उठून म्हणाला, "खुंट्यांचं सोड. मळा तुझाच आहे. मी सगळ्यांसमोर सांगतो, तुला देऊन टाकला."

साहेब गालातल्या गालात हसला. मंत्र्यांची भाषणं त्याने पुष्कळ ऐकली होती.

"तोंडाची वाफ," मागून एक म्हातारी पुटपुटली.

अकुआच्या मस्तकात तिडीक गेली. कागद समोर बॅगेत आणि वर ही मखलाशी! ती आत जाऊन तबक घेऊन आली.

गावातले सर्वांत वडीलधारे नाना दोंकोर यांनी बाटली फोडली, मेलेल्यांच्या नावाने जमिनीवर धार सोडली. अकुआने रीतीप्रमाणे आधी स्वतःच्या पेल्यातून घोट घेतला. मग निळा पेला भरून भाच्यापुढे धरला.

क्वादवोने तो घेतला, पण ओठाला लावला नाही.

"मामी, हे कशाबद्दल?"

शेवटी वकीलच तो, त्याला वास लागला!

"कशाबद्दल म्हणजे? वारसाला देतातच की."

"तसं नको. नेमकं सांग."

सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. तिने सुचेल ते बोलून टाकलं. "आभार. मळा दिलास म्हणालास ना? त्याचे आभार."

"मोठ्याने बोल. नानांना ऐकू जाऊ दे."

म्हणजे याच्या थापेचेही गोडवे गायचे! याच पोराला आपण हाताने भरवलं होतं, ही मघापासून आत टोचणारी आठवण तिने रागाने बाजूला सारली.

"मळा दिलास, त्याचे हे आभार!" ती ओरडलीच. "पी आता."

क्वादवोने एका दमात पेला रिकामा केला.

"नाना, पाहिलंत?"

"पाहिलं," नाना काठी आपटत म्हणाले. "तू दिलंस, तिने आभाराचं पेय पुढे केलं, तू सगळ्यांदेखत प्यालास. दान पुरं झालं. आता मळा अकुआचा, तुलासुद्धा परत घेता यायचा नाही."

साहेब ताडकन उठला. "मंत्रिमहोदय, सहीचं काय?"

"जी जमीन माझी नाही, तिच्यावर कसली सही? वाटल्यास कोर्टात जा. माझा पहिला खटला मी याच रिवाजावर जिंकलोय." मग तो मामीकडे वळला. "मंत्रिपद जाईल, जाऊ दे. तुला आधी सांगता आलं नाही गं, यांची माणसं सावलीसारखी मागे होती. रागावलीस ना माझ्यावर?"

अकुआ त्याच्या हातातल्या पेल्याकडेच बघत होती.

आणि दानात काही कसर राहिली नाही हे तिला दिसावं, म्हणून त्याने हसत निळा पेला तिच्यासमोर उपडा धरला. त्यातून थेंबही पडला नाही.