बाहेरून दिसणारं धामणखेड

गावागावाला झेपतील तेवढ्याच बातम्या इंटरनेटवर दिसू लागल्या, तेव्हापासून हेमांगीचा जीव थाऱ्यावर नव्हता. धामणखेडमध्ये सकाळपासून एकच बातमी दिसत होती: ‘धरण सुरक्षित, घाबरू नये.’ शेवटी तिने ब्राउझरमध्ये एक्सटेन्शन टाकलं, आपण नागपुरातून बघतोय असं भासवणाऱ्या तिथल्या प्रॉक्सी सर्व्हरचा पत्ता त्यात भरला आणि तीच बातमी पुन्हा उघडली.

‘धरणाच्या भिंतीला तडा. धामणखेड कालच रिकामं केलं, सगळे सुखरूप.’

“अहो, हे बघा!” ती ओरडली.

तिचा नवरा दिगंबर डब्याचं झाकण लावत म्हणाला, “बंद कर ते आधी. आपल्याकडे सगळं ठीक दाखवतंय ना?”

कालच रिकाम्या झालेल्या त्या गावात शाळेची घंटा वाजली आणि पोरं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली.